गाडी ऑइल ओढतेय

१२ जानेवारी, रविवार
सकाळी पहिल्या मजल्यावरच्या मेहताबेन दारात. "पप्पाजी गाड़ी चालू करते हैं तो पूरा धुआँ हमारे किचन में आता है." सॉरी म्हटलं, खाली गेले. बाबा बॉनेट उघडून उभे. धूर निळसर, जळक्या तेलाचा वास. बाबा म्हणाले, थंडीमुळे. भाईंदरला कसली थंडी. पण हो म्हटलं.
आई गेल्यापासून गाडी फक्त रविवारी बाहेर निघते. तरी बाबा रोज सकाळी खाली जाणार, पुसणार, थोडा वेळ चालू ठेवणार. सगळी नोकरी साहेबांच्या गाड्या चालवण्यात गेली. स्वतःची ही एकच, रिटायर झाल्यावर घेतलेली. डिझेल. मला अजून स्टीअरिंगला हात लावू दिलेला नाही. माझं लायसन्स नुसतं पर्समध्ये जुनं होतंय.

१८ जाने.
दुकानातून लवकर निघाले. केबिन रोडला आज एवढी गर्दी की आमच्या चष्म्याच्या दुकानातही लोक उगाच सावलीला उभे.
बाबांना घेऊन इरफानभाईंच्या गॅरेजला. त्यांनी एअर फिल्टरकडून इंजिनकडे जाणारा जाड पाइप काढला, आत बोट फिरवलं, माझ्यापुढे धरलं. बोट काळं. "देखो दीदी. इस पाइप में सिर्फ हवा होनी चाहिए." इंजिनच्या आतली तेलाची वाफ एका नळीतून परत हवेच्या वाटेला येते म्हणे, थोडी आली तर चालतं. इथे नुसती वाफ नाही, तेलच चाललंय. पुढे इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे जिथून हवा इंजिनमध्ये वाटली जाते तो भाग. तोही उघडून दाखवला. आत डांबरासारखा थर.
बाबा स्टुलावर बसून बघत होते. "माझ्या हातात असं कधी झालं नाही."
"चाचा, गाड़ी की भी उमर होती है."
बाबांना ते आवडलं नाही.

२४ जाने.
गाडी आली. मॅनिफोल्ड धुतला, वाफेच्या नळीचा व्हॉल्व्ह नवा, ऑइल नवं. धूर अजिबात नाही.
बाबांनी पूनम सागरपर्यंत फेरी मारून आणली मला. किती दिवसांनी बोलले. म्हणाले, साहेब मागे झोपलेले असायचे, वळण असं घ्यायचं की त्यांची मान हलली नाही पाहिजे. ब्रेक लावला हे कळता कामा नये. आणि मग खरंच तसं वळण घेऊन दाखवलं. मी मुद्दाम मान सैल सोडली. हलली नाही.
आई असती तर म्हणाली असती, पुरे आता तुमचं साहेबपुराण.

२ फेब्रुवारी
बाबांनी दोनदा दूध आणलं. पिशव्या फ्रिजमध्ये मावेनात. "तूच सांगितलंस," म्हणाले. मी नव्हतं सांगितलं. जाऊ दे, खीर केली.
नितीनचा पुण्याहून फोन. धाकटा असून मोठ्यासारखं बोलतो. "ताई, विकून टाका ती गाडी. मेंटेनन्स बघ, वापर बघ." बरोबर आहे त्याचं. फोन स्पीकरवर होता आणि बाबा समोर, हे त्याला सांगायचं राहिलं.

९ फेब्रु.
परत धूर. मेहताबेननी नुसती खिडकी लावून घेतली. ते जास्त लागलं.

११ फेब्रु.
हाफ डे टाकून परत इरफानभाईंकडे, एकटीच. म्हणजे गाडी त्यांचा माणूस घेऊन गेला, मी मागून रिक्षाने. बाबांना चल म्हटलं तर नको म्हणाले, माझं डोकं दुखतंय.
पाइपात परत तेल. इरफानभाईंनी ऑइलची लेव्हल बघायची काठी काढली, पुसली, परत घालून काढली. खुणेच्या कितीतरी वर.
"दीदी, जो गाड़ी ऑइल खाती है उसका ऑइल कम होता है. इसका बढ़ रहा है."
काठीचा वास घेतला. कधी कधी डिझेल उतरतं म्हणे ऑइलमध्ये, त्याने लेव्हल चढते. वास नाही. ऑइल चांगलं घट्ट. मला म्हणाले, कोई ऊपर से डालता तो नहीं? मी हसले. कोण घालणार?
जास्तीचं काढून टाकलं. वाफेच्या नळीला मध्ये एक डबा बसवला, तेल त्यात साठेल, आत जाणार नाही. "पर ये इलाज नहीं है. बीमारी कहीं और है."
निघताना अजून एक सांगितलं. डिझेलची गाडी, एवढं तेल हवेबरोबर आत गेलं तर इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही. तेव्हा टॉप गियर टाकायचा, ब्रेक दाबून धरायचा, क्लच सोडून द्यायचा. दाबून मारायचं इंजिन. नाहीतर बोनट से दूर भागो.
बाबांना सांगितलं. "मला शिकवतो का तो," एवढंच.

१६ फेब्रु., रविवार
बुद्धविहारातून परत येताना बाबा आपली गल्ली सोडून पुढे गेले. पार पुढच्या सिग्नलला जाऊन थांबले. सिग्नल हिरवा झाला तरी थांबलेले. मागून हॉर्न. मी म्हटलं, बाबा, घर मागे राहिलं.
"रस्ता खोदलाय ना तिकडे."
नाही खोदलेला.

१९ फेब्रु.
बाबांना दुकानात बोलावलं. शेठ जेवायला गेले होते. मीच डोळे तपासले नीट, बुबुळं, नंबर, सगळं. मनात म्हणत होते मोतीबिंदू निघू दे. असं कुणी म्हणतं का, पण म्हणत होते. ऑपरेशन झालं की दिसायला लागतं माणसाला.
शेवटची ओळ घडाघडा वाचली. रंग बरोबर. माझ्यापेक्षा चांगली नजर.
"झालं का? जाऊ का मी?"
हो म्हटलं. दारातून परत आत आले. "कुठल्या बाजूला जायचं, स्टेशन कुठे?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

२ मार्च, रविवार

मोरव्याला गेलो होतो, बाबांचे जुने दोस्त जनार्दनकाका आजारी आहेत त्यांना बघायला. येताना गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून टेम्पो आला, बाबांनी गाडी थांबवली. डाव्या कडेला, बंपरच्या पुढ्यातच मासेवाली पाटी घेऊन बसलेली.
थांबलेल्या गाडीचा आवाज आपोआप चढायला लागला. मला वाटलं बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे. नव्हता. आवाज वाढतच गेला, मागे सगळा पांढरा धूर, टेम्पोवाला उतरून पळाला. बाबांनी चावी बंद केली. काही नाही. चावी काढून हातात घेतली, तरी इंजिन किंचाळतंय. बाबा हातातल्या चावीकडे बघत राहिले.
मी ओरडले, बाबा, पाचवा टाका. ऐकू गेलं की नाही माहीत नाही. डावा पाय क्लचवर तसाच दाबलेला, सवयीने. मीच दांडा ओढला, पाचवा पडला. हँडब्रेक ओढला. ब्रेक दाबा म्हटलं, तो दाबला. क्लच सोडा म्हटलं.
"कुठला?"
पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. मला विचारतो, कुठला.
खाली वाकून त्यांचा डावा पाय गुडघ्याला धरून उचलला. गाडीने एक उडी मारली आणि मेली. बंपर पाटीला लागला, मासे रस्त्यावर. बाई आधीच उठून मागे सरकली होती, देवाची कृपा म्हणायची की काय म्हणायचं.
तिने आरडाओरडा केला नाही. खिडकीत वाकून बाबांना बघितलं, मला म्हणाली, "बाय, म्हातारा मानूस हाय. गारी कशाला देतंस त्याच्या हातान?"
मासे उचलायला मी मदत केली. बाबा गाडीतच बसून होते, दोन्ही हात स्टीअरिंगवर, रस्त्यावर नजर. चालवत असल्यासारखे.

३ मार्च
गाडी ओढून गॅरेजला नेली. इरफानभाईंचा फोन. डबा काठोकाठ भरलेला, वरून पाइपात गेलेलं. लेव्हल मागच्यापेक्षा वर. इंजिन वाचलंय बहुतेक, नशीब.
"दीदी, ऑइल अपने आप पैदा नहीं होता. आप समझ रही हो ना?"
मी म्हटलं, वॉचमनला विचारते.
बाबा जेवले नाहीत नीट. कालचं काही बोलले नाहीत. आठवतंय म्हणून की आठवत नाही म्हणून?

१० मार्च
गाडी परत आली. सगळं धुऊन, पुसून. कुठे नेली नाही. नुसती उभी.

१३ मार्च, गुरुवार
ताप. घरी राहिले. सकाळी बाबा खाली गेले, मी जिन्याच्या खिडकीत जाऊन उभी राहिले. मी का गेले ते मला माहीत होतं, उगाच कशाला खोटं लिहू.
बाबांनी बॉनेट उघडलं. काठी काढली. खिशातल्या फडक्याने पुसली, वरपासून खालपर्यंत, किती नीट. मग परत आत घालायची असते. घातली नाही. डोळ्यांसमोर धरून बघितली.
पुसलेली काठी कोरडीच असणार.
चेहरा काळजीत पडला. डिकीतून कॅन काढला, झाकण फिरवलं, ओतलं. सांडलं नाही एक थेंब. कॅन परत डिकीत, बॉनेट लावलं, वर हात फिरवला. वर येऊन चहा मागितला. "गाडीत ऑइल अजिबात नव्हतं," म्हणाले. "बरं झालं बघितलं मी."
चहा झाला. थोडा पेपर वाचला. मग उठले. "खाली जाऊन येतो, गाडीचं ऑइल बघायचंय."
मी खिडकीत परत गेले. काठी, फडकं, कोरडी. काळजी. कॅन.
मी तापात रडले की रडल्याने ताप चढला.

१४ मार्च
धुळवड, दुकान बंद. खाली पोरं रंगलेली. गाडीवर चादर टाकली, रंग नको म्हणून. आणि दुसऱ्याही कारणासाठी.
संध्याकाळी पार्ट्सच्या दुकानात गेले, शटर अर्धं उघडं होतं. बाबांना ऑइल देऊ नका म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाले, "अंकल तो बोलते थे टॅक्सी का धंधा डाला है." मग माझ्याकडे बघितलं. "नहीं दूँगा बेटा."
नितीनला फोन. सगळं सांगितलं. "मग ते गाडीचं काही नव्हतंच," म्हणाला.
नव्हतंच.

२० मार्च
पूनम सागरला डॉक्टरकडे. मेंदूचे. तरुण आहेत, मराठी छान बोलतात. तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाले. मग विचारलं, काका, तुम्ही ड्रायव्हर होतात ना, भाईंदरहून फोर्टला कसं जाल? बाबा ताठ बसले. हायवे, चेकनाका, कुठला फ्लायओव्हर वरून, कुठला खालून, पावसाळ्यात कुठे पाणी भरतं, साहेबांना घाई असेल तर आतून कुठून. डॉक्टर ऐकत राहिले. मला उगाच आशा वाटली.
"आता ते तीन शब्द?"
"कुठले शब्द?"
"बरं. आज इथे कसे आलात?"
"गाडी घेऊन आलो. खाली लावलीय."
रिक्षाने आलो होतो.
एमआरआय, रक्त, गोळ्या. ड्रायव्हिंग बंद, हे डॉक्टरांनी बाबांसमोरच सांगितलं. बाबांनी मान हलवली, जसं दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. खाली आल्यावर पार्किंगमध्ये गाडी शोधत फिरले. मी बरोबर फिरले. मग म्हटलं, नितीन घेऊन गेला.

२३ मार्च, रविवार
इरफानभाईंनी विचारलं होतं, ऑइलच्या झाकणाला कुलूप लावून देऊ का? नको म्हटलं. बाबा कुलूप बघतील आणि त्यांना कळेल की त्यांच्यासाठी आहे. कळणार नाही असंही होईल. दोन्ही नको.
किल्ली माझ्या पर्समध्ये. कॅन दुकानात कपाटात नेऊन ठेवला. रोज कामाला जायच्या आधी बाबांबरोबर मीच खाली जाते. ते काठी काढतात, पुसतात. मी म्हणते, बाबा, परत घाला. घालतात. काढतात. मी म्हणते, बघा, कुठपर्यंत आहे?
"बरोबर आहे. दोन खुणांच्या मध्ये."
"मग घालायचं का?"
"नाही. कशाला? जास्त झालं तर वर चढतं, हवेच्या वाटेत जातं. गाडी खराब होते." अगदी इरफानभाईंसारखं समजावून सांगतात मला.
आज चालू करून बघितली. धूर नाही. मेहताबेन खिडकीतून हसल्या.

२९ मार्च
नाही जमलं आज. काठी पुसली, मी म्हटलं परत घाला, एकदम अंगावर आले. "तूच काढून घेतेस ऑइल. विकतेस. मला माहीत नाही वाटतं?" फडकं फेकलं. लागलं नाही, फडकंच ते. पण अख्खी बिल्डिंग ऐकत होती. वॉचमन दुसरीकडे बघत उभा.
"माझ्या गाडीला मारायला निघालीस."
वर आले. भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने बाबा आले, पंख्याखाली बसले. "सुजा, चहा टाक गं. तूपण घे. दमलेली दिसतेस."
घेतला.

५ एप्रिल
नितीन आला. सकाळी आमच्याबरोबर खाली आला, सगळं बघितलं, वर येऊन बाथरूममध्ये गेला तो बराच वेळ बाहेर नाही. डोळे लाल.
जेवताना गिऱ्हाईक आहे म्हणाला, ऑफिसातला मित्र. चांगली वापरेल. पुढच्या रविवारी बघायला येतोय. "बाबांना सर्व्हिसिंगला गेली सांगायचं, ताई. रोज विचारतील, रोज सांगायचं. काही दिवसांनी विचारणार नाहीत."
तो वाईट बोलत नाही. मी रोज खोटं बोलतेच. पण गाडी बाबांच्या नावावर आहे, सही त्यांची लागेल. करतील ते. कशावर करतोय हे न कळता करतील. वळणदार, साहेबांच्या लॉगशीटवर करायचे तशी. ते मला बघवणार नाही.
"मग तू काय करणार? जन्मभर काठी बघत बसणार का?"
आमटी वाढली त्याला.

८ एप्रिल
शेठकडे सकाळी अर्धा तास उशिरा यायची परवानगी मागितली. दिली. कारण विचारलं नाही, गुजरातीत बायकोला काहीतरी म्हणाले. तिने घरचे ढोकळे दिले डब्यात, पप्पा के लिए.
इरफानभाई जाता जाता गाडी बघून गेले. तेल साठायचा डबा उघडला, कोरडा. पाइपात बोट फिरवलं, बोट स्वच्छ. "अब इसमें कोई खराबी नहीं है, दीदी. बहुत चलेगी."
बाबा बाजूला उभे होते. "कुणाची गाडी आहे?" मला हळूच विचारलं.

१३ एप्रिल, रविवार
उद्याच्या जयंतीची तयारी. विहाराजवळ निळे झेंडे लागले, स्पीकरची टेस्टिंग चाललीय. नितीन अकराच्या सुमारास मित्राला घेऊन येणार. मी आणि बाबा आधीच खाली गेलो. बाबांनी पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा, स्वतः काढून. मी बॉनेट उघडण्यासाठी गाडीचं कुलूप काढलं.
बाबा बॉनेटकडे गेलेच नाहीत. वळसा घालून मागच्या डाव्या दारापाशी आले, दार उघडलं, धरून उभे राहिले. नजर खाली, एक हात वरच्या कडेला, आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून.
मला समजायला वेळ लागला. म्हटलं, "बाबा, मी सुजा."
"बसा ना मॅडम."
काय करणार. बसले. त्यांनी दार लावलं, आवाज न करता. पुढे जाऊन बसले. किल्ली माझ्या हातात होती, ती त्यांनी मागितली नाही. हात स्टीअरिंगवर ठेवले. आरसा नीट केला. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, किती शांत. आई असताना असायचे तसे.
"कुठे घेऊ, मॅडम?"
पर्समध्ये फोन वाजत होता. नितीनचा असणार, गेटवर आले असतील. मी बघितला नाही.
"थोडं थांबू या," मी म्हटलं.
"चालेल. घाई नाही आपल्याला."